फेथ, लॉयल्टी, ट्रुथ: इंग्रजीतले निष्ठेचे शब्द आले कुठून

फेथ, फिडेलिटी, लॉयल्टी, अलिजन्स. श्रद्धा आणि निष्ठेसाठी इंग्रजीत हेच शब्द सगळ्यात जास्त दिसतात आणि यातला एकही मूळचा इंग्रजी नाहीये, सगळे फ्रेंच नाहीतर लॅटिनमधून आलेत. असं का झालं ते कळायला १०६६ पर्यंत मागे जावं लागतं, फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं ते साल.

त्याआधी तिथल्या लोकांकडे स्वतःचे शब्द नव्हते असं अजिबात नाही. धन्याशी इमान राखणाऱ्या माणसाला ते 'होल्ड' म्हणायचे (पकडणे या अर्थाचा होल्ड वेगळा). १०८६ मध्ये विल्यमने सॉल्सबरीला देशातल्या वजनदार जमीनदारांना बोलावलं आणि ते कुणाच्याही पदरी असोत, राजाशी इमान राखायची शपथ घ्यायला लावली. अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल नावाच्या बखरीत याची नोंद आहे आणि तिथे लिहिणाऱ्याने शब्द वापरलाय 'होल्ड-शपथा'. म्हणजे राजा फ्रेंच बोलणारा, शपथ त्याची, पण शब्द अजून इथलाच! पुढे मात्र हा शब्द इंग्रजीतून पार गेला, मला याचं खरंच वाईट वाटतं. जर्मनमध्ये मानवंदनेला 'हुल्डिगुंग' म्हणतात, त्यात तो अजून जिवंत आहे.

झालं असं की दरबार, कोर्ट, जमिनीचे कागद सगळं फ्रेंच आणि लॅटिनमध्ये गेलं. जमीन मिळायची ती चाकरीच्या बदल्यात, माणूस गुडघे टेकून मालकाच्या हातात हात द्यायचा आणि शपथ घ्यायचा, आणि त्या शपथेला म्हणायचे फीअल्टी. हा शब्द म्हणजे लॅटिन 'फिदेलितास', फ्रेंचांच्या तोंडात कित्येक शतकं झिजून लहान झालेला. मग १५व्या शतकात शिकलेल्या लोकांनी तोच शब्द पुस्तकी रूपात परत आणला, तो फिडेलिटी. लॉयलचंही तसंच आहे, तो आणि लीगल हे सख्खे भाऊ, दोघांचा बाप लॅटिन 'लेगालिस', म्हणजे कायद्याला धरून असलेला. त्यामुळे लॉयल या शब्दाच्या मुळाशी प्रेमबिम नाही, कायदा आहे. इंग्रजीत तो रुळला १६व्या शतकात, आठव्या हेन्रीच्या काळात, जेव्हा राजा की पोप यावरून लोकांची डोकी उडत होती.

फेथ १३व्या शतकातला. लॅटिन 'फिदेस' म्हणजे भरवसा, दिलेला शब्द पाळणं. रोममध्ये तर फिदेस नावाची देवीच होती, कॅपिटोलिन टेकडीवर तिचं देऊळ होतं. जुन्या फ्रेंचमध्ये याचं झालं 'फेइद', नंतर फ्रेंचांनी शेवटचं व्यंजन सोडून दिलं, आज ते 'फ्वा' म्हणतात, पण इंग्रजांनी ते 'थ' करून ठेवलं. इंग्रजीतही आधी अर्थ जास्त करून वचनाला जागणं असाच होता, देवाधर्माचा अर्थ नंतर वर चढला. देवावरच्या विश्वासासाठी जुना शब्द वेगळा होता, त्याच्यातूनच आजचा बिलीफ आला, आणि बिलीफचं मूळ लव्ह शब्दाशी जोडलेलं आहे. संस्कृतातला 'लुभ्' धातू त्याच घरातला, म्हणजे पत्राच्या शेवटी आपण 'लोभ असावा' लिहितो तो लोभ बिलीफचा लांबचा नातेवाईक! क्रीड (आपण काय मानतो ते सांगणारं धर्माचं वचन) तर फ्रेंच यायच्या आधीच चर्चच्या लॅटिनमधून आला होता, 'क्रेदो' म्हणजे मी मानतो, आणि त्याचं आपल्या 'श्रद्धा'शी थेट नातं आहे, दोन्हीच्या मुळाशी 'हृदय ठेवणं' अशी कल्पना आहे असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात.

या सगळ्यात मला सगळ्यात भारी वाटतो तो ट्रुथ. अस्सल जुना इंग्रजी, आणि अर्थ होता निष्ठा, वचनाला जागणं. खरी गोष्ट, वस्तुस्थिती हा अर्थ पुष्कळ नंतर पक्का झाला, म्हणजे आधी माणूस खरा असायचा आणि मग बातमी. जुना अर्थ 'ट्रोथ' या रूपात टिकला, इंग्लंडच्या चर्चच्या १५४९ च्या प्रार्थना-पुस्तकात लग्नाच्या वेळी नवरानवरी एकमेकांना ट्रोथ देतात, साखरपुड्याचा बिट्रोथल त्यातलाच, आणि लढाई थांबवायचा ट्रूस पण त्याच कुळातला.

आपल्याकडे यातले दोन शब्द सरकारी कागदांवरून घरोघरी पोचलेत. शाळा-कॉलेजातून 'बोनाफाईड' आणायला सांगतात ते लॅटिन 'बोना फिदे', चांगल्या भरवशाने, यात तीच फिदेस आहे. आणि अ‍ॅफिडेव्हिट म्हणजे मध्ययुगीन लॅटिनमधलं क्रियापद, 'त्याने शपथेवर सांगितलंय' एवढं अख्खं वाक्य एका शब्दात, कारकुनांनी कागदाच्या सुरुवातीला लिहायचं म्हणून पुढे त्या कागदालाच ते नाव पडलं.