पार्श्वभूमी : शेतकरी कंपनीचा सीईओ आणि त्याचा कोच

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी ‘सीईओ साहेब’ म्हटलं की आजही आधी जिल्हा परिषद आठवते. पण गेल्या दहा-बारा वर्षांत दुसराही एक सीईओ दिसू लागला आहे. बसस्टँडमागच्या गाळ्यात त्याचं ऑफिस, टेबलावर लॅपटॉप आणि मॉइश्चर मीटर, कोपऱ्यात बारदान्याची थप्पी. वय पंचविशी-तिशीचं, शिक्षण बी.एस्सी. अ‍ॅग्री नाहीतर एमबीए, पगार बेताचा. हा शेतकरी उत्पादक कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांत साहेब लोकांना असतो तसा कोच, म्हणजे उत्तर न सांगता समोरच्यालाच विचार करायला लावणारा सोबती, यालाही लागतो, असं म्हटलं की काही जण हसतात. जे हसत नाहीत ते विचारतात, हे काम शिकायचं कसं? विचारणाऱ्यांत कृषी खात्यातून निवृत्त झालेले असतात, स्वयंसेवी संस्थांत हयात घालवलेले असतात, बँकेतून बाहेर पडलेलेही असतात. त्यांच्यासाठी ही पार्श्वभूमी.

आधी या सीईओची गोष्ट. १९७२ साली महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि पुढची तीसेक वर्षं वऱ्हाडातल्या कापूसवाल्याला निर्णय म्हणून फारसा उरलाच नाही. केंद्र ठरलेलं, भाव ठरलेला, ग्रेडर म्हणेल तो दर्जा. सहकारी जिनिंग-प्रेसिंगची तऱ्हा याहून फार वेगळी नव्हती. सहकारातलं राजकारण आणि सरकारी हात टाळून शेतकऱ्यांना कंपनी काढता यावी म्हणून अर्थतज्ज्ञ योगिंदर अलघ यांच्या समितीनं मार्ग सुचवला, आणि २००२ च्या दुरुस्तीनं कंपनी कायद्यात ‘उत्पादक कंपनी’ आली. शेअर कितीही असोत, माणशी एकच मत. संचालक कमीत कमी पाच, जास्तीत जास्त पंधरा. आणि पूर्ण वेळ मुख्य कार्यकारी अधिकारी हवाच, तोही सभासद नसलेला.

ही शेवटची अट नीट वाचण्यासारखी आहे. मालक गावातले, आणि कारभार पाहणारा कायद्यानंच मालकांच्या बाहेरचा. (अध्यक्षांचा पुतण्या सभासद नसला की कायदाही पाळला जातो आणि नातंही, ही आपली गावठी तोड.) पुढं २९ फेब्रुवारी २०२० ला केंद्रानं दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांची (यात अशा कंपन्याही आल्या) योजना काढली, तरतूद ६,८६५ कोटी रुपयांची. एका संघटनेला तीन वर्षांत जास्तीत जास्त १८ लाख रुपये व्यवस्थापन खर्चासाठी, त्यातच सीईओचा पगार. सोबतीला पाच वर्षं हात धरणारी संस्था. सीईओला जीएसटी शिकवतात, परवाने शिकवतात, कंपनी निबंधकाचे (आरओसी) फॉर्म भरायला शिकवतात. वडिलांच्या वयाच्या अध्यक्षांना ‘नाही’ कसं म्हणायचं, हे कोणत्याच वर्गात येत नाही.

त्याला मदत करायला जे जातात ते बहुतेक सांगणारे असतात. यात त्यांचा दोष नाही, आपली सगळी घडणच तशी. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून जागतिक बँकेच्या पाठबळावर देशात ‘प्रशिक्षण व भेट’ योजना आली. डॅनियल बेनोर हे तिचे जनक. गावपातळीवरच्या कृषी कर्मचाऱ्यानं दर पंधरवड्याला ठरल्या दिवशी ठरल्या गावी जायचं, निवडक संपर्क शेतकऱ्यांना त्या पंधरवड्याचा संदेश द्यायचा, त्यांनी तो पुढं पोचवायचा. शिस्त कडक होती. पण संदेश वरून खालीच येणार, हे त्यात गृहीतच होतं. या घडणीतून आलेला माणूस निवृत्तीनंतर कोच व्हायला निघाला की त्याच्याकडं ज्ञानाची कमतरता नसते. अडचण नेमकी ज्ञानाचीच होते.

बाहेरच्या जगातही कोचिंग याच अडचणीतून वाट काढत आलं. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ पासून दोन-अडीच वर्षांत वीस हजारांहून जास्त कामगारांच्या मुलाखती झाल्या. सुरुवातीला मुलाखत घेणाऱ्यांकडं ठरलेले प्रश्न असायचे. कामगार तेवढ्यापुरतं उत्तर द्यायचे आणि भलत्याच विषयावर बोलू लागायचे. शेवटी प्रश्नांची यादी बाजूला ठेवून त्यांना बोलू द्यायचं ठरलं, आणि तिथून खऱ्या गोष्टी निघू लागल्या. चाळीसच्या दशकात मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी समुपदेशनात हेच तत्त्व पुढं नेलं : समोरच्याला सल्ला देण्यापेक्षा समजून घेणं जास्त कामाचं. ‘सक्रिय श्रवण’ हा शब्दप्रयोग त्यांनी आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये रूढ केला.

मोठी कलाटणी मात्र टेनिसच्या कोर्टावर मिळाली. टिमोथी गॅल्वे हे कॅलिफोर्नियात टेनिस शिकवायचे. त्यांच्या लक्षात आलं की आपण जितक्या सूचना कमी करतो तितका शिकणारा लवकर सुधारतो. मग ते रॅकेट कशी धरायची हे सांगण्याऐवजी नुसतं बघायला लावायचे. चेंडू जमिनीवर टप्पा घेईल तेव्हा एक शब्द मोठ्यानं म्हणायचा, रॅकेटला लागेल तेव्हा दुसरा. एवढंच. लक्ष चेंडूवर राहायचं आणि डोक्यातला उपदेश करणारा आवाज गप्प बसायचा. १९७४ मध्ये त्यांनी हे पुस्तकात मांडलं आणि कंपन्यांचे अधिकारी त्यांच्याकडं यायला लागले. ब्रिटनमध्ये जॉन व्हिटमोर यांनी ते उद्योगांत नेलं. हे गृहस्थ आधी मोटारशर्यतीतले नामवंत चालक. ध्येय, वस्तुस्थिती, पर्याय आणि निर्धार या चार पायऱ्यांची ‘ग्रो’ पद्धत ऐंशीच्या दशकात त्यांच्या वर्तुळात आकाराला आली, आणि १९९२ च्या त्यांच्या पुस्तकानं ती जगभर गेली. त्याच सुमारास अमेरिकेत थॉमस लिओनार्ड या आर्थिक सल्लागारानं कोच तयार करणारी शाळा काढली आणि १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कोच फेडरेशन स्थापन केली. म्हणजे व्यवसाय म्हणून याचं वय तिशीचंच.

‘आपल्याकडं हे आधीपासूनच होतं’ असं म्हणायचा मोह इथं होतो. गाडगेबाबांची कीर्तनं आठवतातच. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे बाबा वऱ्हाडीत श्रोत्यांना एकामागून एक प्रश्न टाकायचे आणि लोकांकडूनच उत्तर वदवून घ्यायचे. पण प्रामाणिकपणे पाहिलं तर बाबांना उत्तर ठाऊक असायचं. ते समाजशिक्षकाचे प्रश्न होते, आणि त्यांचं काम वेगळं नि फार मोठं होतं. कोचिंगच्या जास्त जवळचं उदाहरण गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात आहे. मेंढा (लेखा) गावात ऐंशीच्या दशकापासून अभ्यास गट चालत आले. त्यात बाहेरचे जाणकार बसतात, माहिती देतात, प्रश्न विचारतात, वाद घालतात. निर्णय मात्र तिथं होत नाही. तो ग्रामसभेत, सर्वसहमतीनं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होतं ते काही कुणी बाहेरून येऊन सांगितलं म्हणून नव्हे. जाणकारानं कुठं थांबायचं याची रेघ तिथं स्पष्ट आहे.

दुसरं उदाहरण शेतीशाळेचं. १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांच्या निमित्तानं ती सुरू झाली आणि आता पोकराच्या (नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या) गावांत सगळ्यांच्या ओळखीची आहे. शेतकरी गटागटानं कपाशीत शिरतात, झाडावरच्या किडी मोजतात, मित्रकीटक कोणते ते बघतात, मोठ्या कागदावर झाड काढून त्यावर मांडतात आणि फवारणी करायची की नाही ते स्वतः ठरवतात. कुणी किडा हातात धरून ‘हा कोणता?’ विचारलं तर चांगला प्रशिक्षक नाव सांगत नाही. ‘कुठं सापडला? काय करत होता?’ असं विचारतो. ज्यांनी अशी शाळा मनापासून चालवली आहे, ते निम्मे कोच झालेलेच आहेत. ‘महिला आर्थिक विकास महामंडळा’च्या लोकसंचालित साधन केंद्रांत बचत गटांची भांडणं वर्षानुवर्षं ऐकून घेणाऱ्या व्यवस्थापक ताईंबद्दलही मी हेच म्हणेन.

उरलेलं निम्मं मात्र अवघड आहे. एक प्रसंग घेऊ, खरेदीच्या हंगामात कुठंही घडणारा. हमीभावानं सोयाबीन घ्यायचं तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. सीईओ फोनवर म्हणतो, “अध्यक्षाच्या घरचे चाळीस कट्टे आले सर. मीटरवर चौदा दाखवते. आता तुमीच सांगा, वापस करू का घेऊन टाकू?”

सांगणाऱ्याच्या जिभेवर उत्तर तयार असतं : वापस करा. थोडंफार शिकलेला विचारेल, “हेच कट्टे दुसऱ्या सभासदाचे असते तर?” प्रश्न चलाख आहे, पण तोही सल्लाच, फक्त प्रश्नचिन्ह लावलेला. सरावलेला कोच एवढंच म्हणेल, “यात तुमाले अडते कुठं?” आणि गप्प बसेल. फोनवरची ती शांतता नव्या कोचला सहन होत नाही. बऱ्याच वेळानं तिकडून येतं, “मॉइश्चरचं नाही सर. अध्यक्षाशी बोलाचीच भेव वाटते.” आता विषय सापडला. पुढचं बोलणं मीटरबद्दल नसतं. ग्रेडिंगचा ठराव संचालक मंडळात झाला आहे का, नसेल तर कोण मांडेल, अध्यक्षांशी एकट्यानं बोलायचं की उपाध्यक्षांना सोबत घ्यायचं, हे सगळं तो स्वतःच मांडत जातो. आणि तो फोन ठेवायच्या आत कट्ट्यांचं काय करायचं तेही ठरवतो.

ही गप्प बसण्याची ताकद वाचून येत नाही. आंतरराष्ट्रीय कोच फेडरेशनच्या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्राला म्हणूनच ६० तासांचं प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष कोचिंगचे १०० तास लागतात. दुसऱ्या पातळीला १२५ आणि ५००, सर्वोच्च पातळीला २०० आणि २,५००. शिवाय अनुभवी कोचकडून स्वतःच्या कामावर १० तास मार्गदर्शन घ्यावं लागतं. माझ्या मते यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत मोलाची. स्वतःच्या सत्राचं रेकॉर्डिंग समोरच्याची परवानगी घेऊन दुसऱ्यापुढं लावणं आणि आपण किती मिनिटं बोललो ते मोजणं, यासारखा धडा नाही. भिंतीवरचं प्रमाणपत्र दुय्यम. ते इंग्रजीत मिळतं, आणि सीईओचा राग मात्र वऱ्हाडीत येतो. सरावाचे तास त्याच भाषेत झालेले बरे.

अभिप्राय देण्याच्या बाबतीतही सावध राहावं लागतं. क्लूगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरच्या जुन्या प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला. सरासरीनं काम सुधारलं होतं, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानं काम उलट बिघडलं होतं. लक्ष कामावरून उडून स्वतःच्या मानापमानाकडं वळलं की बिघाड होतो, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या कंपन्यांत वरिष्ठ, सहकारी आणि हाताखालचे अशा सगळ्यांकडून निनावी मतं गोळा करतात. पाच संचालक आणि एक लेखापाल असलेल्या कंपनीत निनावी काय राहणार? अक्षरावरून नाही तरी शब्दावरून माणूस ओळखू येतो.

गोपनीयतेचंही तसंच. शहरात पैसे देणारी कंपनी, कोच आणि अधिकारी यांच्यात सुरुवातीलाच तिघांचं बोलणं होतं : कोणती गोष्ट कुणाला कळवायची, कोणती नाही. आपल्याकडं तिघंही संध्याकाळी एकाच टपरीवर चहाला असतात आणि अध्यक्ष सहज विचारतात, “काय म्हनते आमचा पोरगा?” त्या वेळी काय उत्तर द्यायचं हे पहिल्याच दिवशी, तिघं समोरासमोर असताना ठरलेलं हवं, शक्य तर लेखी. बैठक शक्यतो गोदामात नको, ऑफिसातही नको. पलीकडच्या गावचं कृषी विज्ञान केंद्र चालेल.

२०२० नंतर लगेच नोंदणी झालेल्या कंपन्यांचा तीन वर्षांचा पगाराचा आधार संपला आहे आणि हात धरणाऱ्या संस्थांची पाच वर्षंही संपली आहेत किंवा संपत आली आहेत. यापुढं सीईओचा पगार कंपनीला स्वतःच्या धंद्यातून काढावा लागेल, आणि कोचचं मानधनही त्यातूनच. सरावाचे सुरुवातीचे तास विनामोबदला करायची तयारी असलेल्यांनी सुरुवात याच कंपन्यांपासून करावी.