न्यू ऑर्लीन्सची ऐतिहासिक छायाचित्रे

न्यू ऑर्लीन्सची ऐतिहासिक छायाचित्रे : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागातील लुइझियाना राज्यात मिसिसिपीकाठी वसलेल्या या बंदराची, तेथील इमारतींची व रोजच्या व्यवहारांची स्थूलमानाने १८४० ते १९५० या काळातील छायाचित्रे. यादवी युद्धात, एप्रिल १८६२ मध्ये, शहर आतल्या रस्त्यांवर लढाई न होताच उत्तरेकडील राज्यांच्या सैन्याच्या ताब्यात गेले. त्यामुळे रिचमंड वा चार्ल्सटनच्या छायाचित्रांत दिसतात तसे जळक्या भिंतींचे अवशेष येथे आढळत नाहीत.

शहरातील पहिला छायाचित्रकार म्हणून झ्यूल लियाँ या फ्रेंच शिलामुद्रकाचे नाव सामान्यतः घेतले जाते. पॅरिसच्या प्रदर्शनांत आपली शिलामुद्रिते मांडून तो १८३६-३७ च्या सुमारास येथे आला आणि मार्च १८४० मध्ये त्याने डॅगेरोटाइप (चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर घेतलेल्या) चित्रांचे जाहीर प्रदर्शन भरविले. पॅरिसमध्ये या तंत्राचा तपशील जाहीर होऊन तेव्हा वर्षही उलटले नव्हते. लियाँच्या वंशाबाबत मात्र मतभेद आहेत. १८५१ च्या शहर-निर्देशिकेत त्याच्या नावापुढे ‘स्वतंत्र (गुलाम नसलेला) कृष्णवर्णीय’ असे दर्शविणारी आद्याक्षरे आहेत. तेवढ्या आधारावर जुन्या ग्रंथांनी त्याला अमेरिकेतील आद्य कृष्णवर्णीय छायाचित्रकारांत गणले व पुढील लेखकांनी ते विधान फारशी छाननी न करता उचलले. अलीकडे फ्रान्समधील कागदपत्रे तपासून तो ज्यू कुटुंबातील असावा, असे मत मांडण्यात आले आहे. निर्देशिका खाजगी मुद्रक छापीत व त्यांत चुका होत. उलट लुइझियानात स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या दस्तऐवजांत तसा उल्लेख करणे कायद्यानेच बंधनकारक होते. हे ध्यानात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, पण वाद मिटला आहे असे म्हणता येत नाही. लियाँचा एकही डॅगेरोटाइप आज निश्चितपणे ओळखता आलेला नाही.

शहराची कागदावरील सर्वांत जुनी ज्ञात दृश्ये जे डिअरबॉर्न एडवर्ड्‌स (१८३१–१९००) याची असून ती सामान्यतः १८५७ ते १८६१ या काळातील मानतात. धक्क्यावरील कापसाच्या गासड्या, आगबोटी व बांधकाम चालू असलेले कस्टम हाउस हे त्याचे विषय.

या परंपरेतील सर्वांत महत्त्वाचा संग्रह थिओडोर लिलिएंथल (१८२९–९४) या प्रशियात जन्मलेल्या छायाचित्रकाराचा होय. १८६७ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनासाठी नगरपरिषदेने त्याला २,००० डॉलर मंजूर केले. युद्धाने खिळखिळ्या झालेल्या शहराकडे युरोपीय भांडवल व वसाहतकरी वळावेत, हा उघड हेतू. गोदामे, गिरण्या, शाळा, रुग्णालये, बागा, श्रीमंतांची घरे अशी सु. १५० चित्रे तयार झाली. त्यांचा एक संच फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याला भेट मिळाला. त्यातील १२६ चित्रे स्वित्झर्लंडमधील आरेनेनबर्ग येथील संग्रहालयात आहेत. अमेरिकी नगरपालिकेने पुरस्कारिलेली ही पहिली छायाचित्र-पाहणी समजतात.

त्या काळी रूढ असलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर कलोडियन हा चिकट द्रव पसरून ती ओली असेतो, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, चित्र घेऊन धुवावे लागे. म्हणून अंधारा तंबू वा गाडी सोबत असे. काचेवर पुरेसा प्रकाश पडण्यास अनेकदा काही सेकंद लागत व तेवढ्यात चालती माणसे पुसट होत किंवा उमटतच नसत. चित्रांतील ओस रस्त्यांवरून शहरात शुकशुकाट होता, असा निष्कर्ष काढणे चूक होय. माणसे दिसतात ती बहुधा उभी केलेली किंवा बसून राहिलेली.

कालनिर्णयासाठी इमारतींचा आधार घेतात. सेंट लुई कॅथीड्रलचे आजचे रूप १८५० च्या सुमाराच्या पुनर्बांधणीतले. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन याचा अश्वारूढ पुतळा १८५६ चा. कॅनॉल स्ट्रीटवरील हेन्री क्ले या राजकारणी पुरुषाचे स्मारक १८६० मध्ये उभारले गेले व सु. १९०० मध्ये तेथून हलविले. फ्रेंच ऑपेरा हाउस १८५९ पासून १९१९ च्या आगीपर्यंतच होते. खेचरांच्या ट्राम व विजेच्या तारा हीही खूण आहे : सेंट चार्ल्स मार्गावर १८९३ मध्ये विजेची ट्राम धावू लागली. चित्रांच्या पाठीमागे छापलेल्या तारखांपेक्षा हा पुरावा अधिक भरवशाचा, कारण जुन्या काचांवरून (काचेच्या निगेटिव्हवरून) पुढे अनेक वर्षे प्रती काढून विकल्या जात.

फेरीवाले, बाजार व धक्क्यावरील हमाल यांची चित्रे मुख्यतः झॉर्झ फ्रान्स्वा म्युनिए (१८५५–१९३६) याची. त्यांतील बरीच प्रवाशांना विकण्याच्या स्टीरिओ जोडचित्रांसाठी (खास भिंगांतून पाहता खोली भासणाऱ्या चित्रांसाठी) घेतलेली, त्यामुळे ‘नमुनेदार’ माणसांची निवड त्यांत जाणवते. अर्नेस्ट बेलॉक (१८७३–१९४९) याने सु. १९१२ मध्ये स्टोरीव्हिल या वेश्यावस्तीतील स्त्रियांची चित्रे घेतली. ८९ काचा उपलब्ध असून काहींवरील चेहरे खरवडलेले आहेत. हे त्याच्या धर्मगुरू भावाने केले, अशी आख्यायिका आहे. परंतु खरवड काचेवरील लेप ओला असतानाची दिसते, म्हणून ती खुद्द बेलॉकने केली असावी, हे मत पटण्याजोगे आहे.

कृष्णवर्णीय कुटुंबांच्या घरगुती व सामाजिक जीवनाचे चित्रण आर्थर बेडू (१८८२–१९६६) व फ्लोरेस्टीन पेरो कॉलिन्स (१८९५–१९८८) यांच्या स्टुडिओंत झाले. १९३३ नंतर ऐतिहासिक इमारतींच्या संघीय पाहणीत रिचर्ड कॉक या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली फ्रेंच क्वार्टर या शहराच्या जुन्या भागातील घरांची मोजमापे व छायाचित्रे घेतली गेली. ही पाहणी वॉशिंग्टन येथील काँग्रेस ग्रंथालयात आहे. एडवर्ड्‌सच्या प्रतींचा मोठा भाग १९६६ मध्ये स्थापन झालेल्या हिस्टॉरिक न्यू ऑर्लीन्स कलेक्शनकडे, तर म्युनिएच्या काचा मुख्यतः लुइझियाना राज्य संग्रहालयाकडे आहेत.