मत फिरवणं आणि मतदान काढणं: पिछाडीवरच्या आव्हानवीराने नेमकं काय करायचं?

मतदान केंद्रापासून २०० मीटर लांब टेबल टाकून बसलेले कार्यकर्ते आठवा. समोर मतदार यादी, हातात पट्टी आणि लाल पेन. माणूस मत देऊन गेला की त्याच्या नावावर रेघ. दुपारी दोन-अडीचला रेघ न पडलेली नावं वेगळी काढायची आणि पोरांना पिटाळायचं: अमक्या वाड्यातली सहा मतं अजून आली नाहीत, रिक्षा घेऊन जा. आमच्या घरात हे काम काकांकडे असायचं. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, आज तुम्ही लोकांना समजावून का सांगत नाही, आपल्यालाच मत द्या म्हणून? काका म्हणाले, "समजावायचे दिवस संपले. आज फक्त मोजायचं आणि आणायचं."

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत एखादा आव्हानवीर मागे पडला, की त्याला काय सल्ले दिले जातात ते वाचताना मला काकांचं हे वाक्य आठवतं. आक्रमक व्हा, सभा वाढवा, राज्यं पालथी घाला, शेवटच्या दिवसांत जोर लावा. पण कसला जोर? समोरच्याकडे असलेलं किंवा कुंपणावर बसलेलं मत आपल्याकडे फिरवण्याचा, की आपल्याच माणसाला घरातून उठवून केंद्रापर्यंत आणण्याचा? दोन्हींचं फळ एकच दिसतं, म्हणजे खात्यात एक मत वाढतं. म्हणूनच ही कामं एकमेकांत मिसळतात. पण त्यांची भाषा वेगळी, माणसं वेगळी, वेळापत्रक वेगळं आणि हिशेबही वेगळा.

आधी हिशेब. समजा १००० मतं पडणार आहेत, तुम्हाला ४८० आणि समोरच्याला ५२०. फरक ४० चा. समोरच्याची २१ माणसं फिरवलीत तर तुम्ही ५०१, तो ४९९. घरी बसलेले आपलेच लोक आणून हा फरक भरायचा तर ४१ माणसं लागतील. फिरवलेलं मत दुप्पट मोलाचं असतं, कारण ते इकडे वाढताना तिकडे कमी होतं. कुंपणावरून आलेलं मत मात्र एकाच मताचं.

हे वाचून कुणालाही वाटेल की मग मतंच फिरवावीत. अडचण अशी की ती फार क्वचित फिरतात. जोशुआ कॅला आणि डेव्हिड ब्रूकमन या अभ्यासकांनी २०१८ साली अमेरिकेतले अनेक प्रत्यक्ष प्रयोग एकत्र तपासले. मुख्य निवडणुकीत पत्रकं, फोन, जाहिराती आणि दारोदार भेटी यांनी उमेदवाराच्या पसंतीवर होणारा सरासरी परिणाम त्यांना जवळपास शून्य आढळला. उलट मतदान काढण्याचं काम मोजता येण्याइतकं फळतं. ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ साली न्यू हेवन शहरात प्रयोग केला, तेव्हा प्रत्यक्ष दारात जाऊन भेटल्यानं मतदान स्पष्टपणे वाढलं, फोननं नाही. २००६ साली मिशिगनमध्ये लोकांना टपालानं कळवलं गेलं, की मागच्या वेळी तुम्ही आणि तुमच्या शेजाऱ्यांनी मत दिलं होतं की नाही, आणि या वेळचीही नोंद तुम्हा सगळ्यांना पाठवू. ज्यांना पत्र नव्हतं त्यांच्यात २९.७ टक्के मतदान झालं, पत्र मिळालेल्यांत ३७.८ टक्के. शेजाऱ्यापाजाऱ्यांत उघडं पडण्याची लाज आपल्या गावाइतकीच तिकडेही काम करते.

तरीही मतं कधीकधी फिरतात, आणि फिरतात तेव्हा लाटेसारखी फिरतात. १९८० चं उदाहरण घ्या. जिमी कार्टर राष्ट्राध्यक्ष, रोनाल्ड रेगन आव्हानवीर. महागाई दोन आकडी, तेहरानमध्ये ५२ अमेरिकी ओलीस. एवढं असूनही ऑक्टोबरअखेर लढत चुरशीची होती, गॅलप या संस्थेच्या एका जनमत चाचणीत तर कार्टर पुढे होते. कारण सरळ होतं. लोक कार्टरना कंटाळले होते, पण त्यांना रेगन यांची धास्ती वाटत होती. हा माणूस टोकाचा आहे, युद्ध ओढवून घेईल, ही भीती. म्हणजे रेगन यांची हवी असलेली मतं घरी झोपलेली नव्हती. ती दाराशी उभी होती, आत यायला घाबरत होती.

२८ ऑक्टोबरला, मतदानाच्या बरोबर एक आठवडा आधी, क्लीव्हलंडमध्ये दोघांची एकमेव डिबेट झाली. सुमारे ८ कोटी लोकांनी ती पाहिली. रेगन शांत, हसतमुख, आवाज न चढवता बोलले आणि शेवटी त्यांनी लोकांनाच विचारलं: चार वर्षांपूर्वीपेक्षा आज तुमचं बरं चाललं आहे का? त्या प्रश्नात कार्टरना शिवी नव्हती आणि स्वतःची बढाईही नव्हती. घाबरलेल्या मतदाराला त्यानं आपल्याच अनुभवावर विसंबायची मोकळीक दिली. ४ नोव्हेंबरला रेगन ४४ राज्यं जिंकले, इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्यागणिक मिळणारी आणि राष्ट्राध्यक्ष ठरवणारी मतं, ४८९ विरुद्ध ४९. आणि मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट ही वाटते, की मतदानाचं प्रमाण १९७६ पेक्षा थोडं घटलंच होतं. हा विजय गर्दी केंद्रावर आणून झालेला नाही. हा मतं फिरल्याचा विजय.

आता २००४. आव्हानवीर जॉन केरी, समोर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश. देश जवळजवळ निम्मानिम्मा वाटला गेलेला, कुंपणावर फारच थोडे लोक. इथं दोन्ही पक्षांनी मतदान काढण्यावर भर दिला. बुश यांच्या रिपब्लिकन पक्षानं शेवटच्या ७२ तासांचा कार्यक्रम आधीच्या निवडणुकांत घोटून पक्का केला होता: त्याच वस्तीतला स्वयंसेवक, त्याच वस्तीतली घरं. केरींच्या बाजूचं बरंचसं दारोदारीचं काम स्वतंत्र संघटना पगारी माणसांकडून करून घेत होत्या, आणि कायद्यामुळे त्यांना केरींच्या प्रचारयंत्रणेशी ताळमेळ ठेवता येत नव्हता.

सगळं येऊन थांबलं ओहायोवर. आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. २००० साली केरींच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार अल गोर यांना तिथं सुमारे २१ लाख ८६ हजार मतं होती, केरींना २७ लाख ४१ हजार. साडेपाच लाखांची वाढ! मतदान काढण्याचं काम म्हणून पाहिलं तर हे अफाट यश. पण बुशही तिथं २३ लाख ५१ हजारांवरून २८ लाख ६० हजारांच्या जवळ गेले. केरी १,१८,६०१ मतांनी ओहायो हरले, त्याबरोबर राज्याची २० इलेक्टोरल मतं गेली आणि राष्ट्राध्यक्षपदही गेलं. मतदान काढून तो खड्डा भरायला आणखी १,१८,६०२ माणसं हवी होती. बुशना मत देणाऱ्यांपैकी ५९,३०१ जण फिरले असते तरी पुरलं असतं.

केरी चुकले असं मला म्हणायचं नाही. पण मतदान काढण्याच्या कामाची मर्यादा इथं दिसते: समोरचाही तेच काम तितक्याच जोरानं करू शकतो, आणि मग दोघांची मेहनत एकमेकांना खाऊन टाकते. फिरलेल्या मताला असा उतारा सहज सापडत नाही.

मग आपल्याला कोणतं काम कमी पडतंय हे आव्हानवीरानं ओळखायचं कसं? याचं उत्तर बऱ्याचदा जनमत चाचणीतच असतं, पण मथळ्यात नसतं. अमेरिकी चाचण्या दोन आकडे देतात. एक नोंदणीकृत मतदारांमधला, दुसरा प्रत्यक्ष मतदान करण्याची शक्यता असलेल्यांमधला. पहिल्यात तुम्ही पुढे किंवा बरोबरीत आहात आणि दुसऱ्यात मागे, तर लोक तुमचेच आहेत, ते उठत नाहीत. तिथं मतदान काढा. दोन्हींत मागे असाल तर कितीही रिक्षा पाठवल्या तरी उपयोग नाही, कारण यादीत तुमची माणसंच कमी आहेत. या दोन आकड्यांमधल्या अंतराकडे जो पाहत नाही, तो औषध चुकीचं घेतो.

अर्थात दुसरा आकडा काढताना चाचणीवालेही अंदाजच बांधतात. २०१२ मध्ये गॅलपच्या शेवटच्या चाचणीत संभाव्य मतदारांत आव्हानवीर मिट रॉम्नी ४९–४८ असे पुढे होते, नोंदणीकृत मतदारांत मात्र राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा ४९–४६. ओबामांचे लोक या खेपेला थंड आहेत असा होरा संभाव्य मतदारांच्या आकड्यात होता. प्रत्यक्षात ओबामा जवळपास चार टक्क्यांनी जिंकले. ते लोक उठले, कारण त्यांना उठवायला माणसं होती: एकट्या ओहायोत ओबामांची १०० हून जास्त कार्यालयं, रॉम्नींची त्याच्या निम्मीही नाहीत.

रॉम्नींचं दुःख असं, की मत फिरवण्याचं अवघड काम त्यांनी बऱ्यापैकी केलं होतं. ३ ऑक्टोबरच्या डेन्व्हरच्या डिबेटनं त्यांना चाचण्यांत बरोबरीला आणलं. उरलेलं काम त्यांनी 'ऑर्का' नावाच्या संगणक यंत्रणेवर सोपवलं. केंद्राकेंद्रावर स्वयंसेवक बसणार, कोण मत देऊन गेलं ते फोनवरून बोस्टनच्या मुख्यालयाला कळवणार आणि न आलेल्यांना बोलावणं जाणार. म्हणजे काकांची यादी आणि लाल रेघच, फक्त देशभर पसरलेली. खऱ्या ताणाखाली ती आधी तपासलीच नव्हती. मतदानाच्या दिवशी पासवर्ड चालेनात, यंत्रणा बसली, कित्येक स्वयंसेवकांकडे केंद्रात बसायचं प्रमाणपत्र नव्हतं म्हणून त्यांना परत पाठवलं गेलं. त्यानं निकाल बदलला असता असं नाही. पण मागे असलेल्या माणसानं नवं हत्यार लढाईच्या सकाळी पहिल्यांदा उपसू नये.

या दोन कामांची सगळ्यात मोठी गल्लत सभांमध्ये होते. १९८४ साली वॉल्टर मॉन्डेल रेगन यांच्यापुढे फार मागे होते. शेवटच्या दिवसांत त्यांच्या सभांना माणसं लोटू लागली, न्यूयॉर्कच्या कापडबाजाराच्या भागातली सभा तर प्रचंड झाली. ती गर्दी खरी होती आणि तिचं प्रेमही खरं होतं. पण ती आधीपासून मॉन्डेल यांचीच माणसं. निकालात ४९ राज्यं गेली. राजधानी वॉशिंग्टन आणि त्यांचं स्वतःचं मिनेसोटा एवढंच हाती राहिलं, तेही मिनेसोटा ३,७६१ मतांनी. सभा आपल्या माणसांत जीव भरते. कुंपणावरचा माणूस सभेला येतच नाही, तो घरी टीव्हीवर तिचे वीस सेकंद पाहतो.

आणि ते वीस सेकंद त्याला पळवूनही लावू शकतात. आपल्या माणसांना पेटवणारं वाक्य आणि घाबरलेल्या माणसाला धीर देणारं वाक्य सहसा एक नसतं. १९६४ च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्कोच्या रिपब्लिकन अधिवेशनात आव्हानवीर बॅरी गोल्डवॉटर म्हणाले, की स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी केलेला अतिरेक हा दुर्गुण नव्हे. सभागृह उसळलं. बाहेरच्या देशाला मात्र 'अतिरेक' एवढाच शब्द ऐकू गेला. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ६१ टक्के मतं घेतली, गोल्डवॉटरना सहा राज्यं मिळाली. म्हणून पिछाडीवरच्या उमेदवाराला माझं सांगणं राहील: डिबेट आणि मोठ्या मुलाखती पूर्णपणे फिरणाऱ्या मताच्या ताब्यात द्या. आग सभांपुरती, कार्यकर्त्यांपुरती ठेवा.

आपल्याकडे कायदाच ही दोन कामं वेगळी करून देतो. मतदान संपायच्या ४८ तास आधी प्रचाराच्या तोफा थंडावतात, तिथून पुढे यादी आणि रिक्षा. अमेरिकेत अशी रेघ नाही. शिवाय मतदानच आठवडेच्या आठवडे चालतं. २०२० मध्ये १० कोटींहून अधिक लोकांनी ठरलेल्या दिवसाआधीच मत दिलं. एक आठवडा आधीची डिबेट १९८० साली रेगनना तारून गेली, आज तोवर कित्येकांचं मत देऊन झालेलं असतं. तेव्हा मत फिरवायचं काम सप्टेंबरात आणि फार तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकायला हवं. ज्या राज्यात मतदान आधी सुरू होतं, तिथं ते आधी उरकायचं. आणि आपल्या हक्काच्या मतदाराला लवकर मत द्यायला लावायचं, म्हणजे शेवटच्या दिवशी पाठवायच्या माणसांची यादी लहान होते.

२०१६ साली डोनाल्ड ट्रम्प मागे होते, तेव्हा दोन्ही प्रवाह एकाच ठिकाणी वाहिले. विस्कॉन्सिन ते २२,७४८ मतांनी जिंकले. तिथं पूर्वी ओबामांना मत दिलेले काही लोक त्यांच्याकडे फिरले, आणि उशिरा निर्णय घेणाऱ्यांचाही कल त्यांच्याकडे होता. त्याच वेळी त्याच राज्यातल्या मिलवॉकी शहरात २०१२ पेक्षा सुमारे ४१ हजार मतं कमी पडली, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाचा हक्काचा मतदार घरी राहिला. त्या पक्षाच्या उमेदवार हिलरी क्लिंटन उमेदवारी मिळाल्यानंतर त्या राज्यात एकदाही प्रचाराला गेल्या नव्हत्या. ट्रम्प यांची शेवटची सभा मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सला होती. ती मध्यरात्र उलटून गेल्यावर, म्हणजे मतदानाचा दिवस उजाडल्यावर संपली. त्या वेळी तिथं कुणाचं मत फिरवायचं नव्हतं. समोर बसलेल्यांनी काही तासांनी उठून केंद्रावर जायचं होतं, आणि मिशिगनचा निकाल ट्रम्प यांच्या बाजूनं लागला १०,७०४ मतांनी.