व्हेंटिलेटर, नळी आणि मॉर्फिन: कॅथलिक भूमिकेची पाच शतकांची पार्श्वभूमी

गर्भपात आणि दयामरणाला ठाम विरोध करणारी कॅथलिक ख्रिस्तसभा शेवटच्या श्वासापर्यंत प्रत्येक यंत्र चालू ठेवायला सांगते, असा समज पुष्कळ घरांत आहे. श्रद्धाळू घरांत तर जरा जास्तच. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना 'यंत्र काढा म्हटले तर पाप लागेल का' ही भीती तिथूनच येते. खरे तर या प्रश्नाचे उत्तर यंत्रे येण्याच्या चारशे वर्षे आधीपासून घडत होते.

सोळाव्या शतकात स्पेनमधील सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया हे डोमिनिकन संघाचे धर्मगुरू शिकवत. आत्महत्या पाप आहे. मग ज्याला अन्न जात नाही असा आजारी माणूस जेवला नाही तर तोही दोषी का, हा प्रश्न त्यांनी घेतला. जगण्याची आशा असेल आणि घास उतरत असेल तर खायलाच हवे, असे त्यांचे म्हणणे. पण अन्नाची शिसारी एवढी की प्रत्येक घास छळ वाटावा, तर दोष लागत नाही. वैद्याने कोंबडी खायला सांगितली, तरी चारचौघे खातात ते साधे अन्न खाल्ले की कर्तव्य पुरे होते.

1595 मध्ये धर्मपंडित दोमिंगो बान्येस यांनी याच विचाराला 'सामान्य' (घ्यायलाच हवेत असे) आणि 'असामान्य' (नाकारता येतात असे) उपाय अशी नावे दिली. त्यांच्यासमोरचे उदाहरण होते अवयव कापण्याचे. भूल नव्हती, त्यामुळे पाय कापून घेणे जिवापेक्षा भारी वाटले तर रुग्णाने नकार द्यावा, त्यात आत्महत्या नाही. पुढे कार्डिनल हुआन दे लुगो यांनी उपायाच्या फायद्याकडे लक्ष वेधले. आगीत सापडलेल्या माणसाकडे थोडेच पाणी आहे. त्याने आग विझणार नाही, मरण काही क्षण लांबेल एवढेच. ते पाणी वापरायला तो बांधील नाही.

1846 मध्ये बॉस्टनला ईथरची भूल देऊन जाहीर शस्त्रक्रिया झाली आणि हिशेबच बदलला. वेदनेमुळे 'असामान्य' ठरणारी शस्त्रक्रिया सोसण्याजोगी होऊ लागली. म्हणूनच 'गोळ्या सामान्य, यंत्र असामान्य' अशी कायमची यादी करता येत नाही. तरीही आजची सर्वाधिक गफलत इथेच होते. न्यूमोनियातून आठवड्याभरात सावरू शकणाऱ्या तरुणाला लावलेला व्हेंटिलेटर त्याच्यापुरता सामान्य उपाय असू शकतो. अवयव एकामागून एक निकामी होत असलेल्या रुग्णाला साधे प्रतिजैविकही व्यर्थ ठरू शकते.

1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, श्वासनलिकेत बसवलेल्या नळीतून हाताने पिशवी दाबत रुग्णांना श्वास दिला आणि असंख्य जीव वाचले. आधुनिक अतिदक्षता विभागाची ही सुरुवात. पण त्याबरोबर नवा पेच आला: छाती यंत्राने हलते आहे, माणूस मात्र परतत नाही. ऑस्ट्रियातील इन्सब्रुकचे भूलतज्ज्ञ ब्रुनो हाइड यांनी तो थेट पोप बारावे पायस यांच्यापुढे मांडला.

24 नोव्हेंबर 1957 चे पोपचे उत्तर आजही पाया मानले जाते. व्यक्ती, स्थळ, काळ पाहता स्वतःवर किंवा इतरांवर फार मोठा भार टाकत नाहीत अशा उपायांचीच सक्ती असते, असे त्यांनी सांगितले. आशा उरली नसेल आणि यंत्र कुटुंबाला न पेलणारा भार झाले असेल, तर ते थांबवण्याची मागणी नातेवाईक करू शकतात. डॉक्टरांनी मात्र रुग्णाच्या संमतीशिवाय, ती स्पष्ट असो वा गृहीत, पाऊल उचलू नये. मृत्यू नेमका कधी झाला हे ठरवण्याचे काम त्यांनी वैद्यकावर सोपवले. आजारी माणसाला द्यायचा पवित्र तेलाचा संस्कार झाला नसेल तर तो होईपर्यंत श्वास चालू ठेवण्याचा प्रयत्न करावा, हेही त्याच भाषणात आहे. म्हणून धर्मगुरूंना यंत्र काढण्याच्या आधी बोलवावे.

त्याच वर्षी 24 फेब्रुवारीला त्यांनी वेदनाशामकांवरचा प्रश्न निकालात काढला होता. दुसरा उपाय नसेल, तर आयुष्य थोडे कमी होण्याची शक्यता असली तरी वेदना शमवण्यासाठी औषध देता येते. हेतू मारण्याचा नसावा. व्यवहारात हा फरक मात्रेत दिसतो. वेदनेसाठी दिलेले तोंडी साधे मॉर्फिन लहान मात्रेने सुरू होते, साधारण दर चार तासांनी दिले जाते, परिणाम पाहून वाढवले जाते आणि सोबत बद्धकोष्ठतेचे औषध लागते. वेदनेशी काही संबंध नसलेली एकदम मोठी मात्रा ही दुसरीच कृती आहे.

1976 मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयात एका कॅथलिक कुटुंबाने बेशुद्ध मुलीचा व्हेंटिलेटर काढण्याची परवानगी मिळवली. ती स्वतः श्वास घेऊ लागली आणि नळीच्या अन्नावर 1985 पर्यंत जगली. यंत्र काढणे म्हणजे मारणे नव्हे, हे इतके ठळक क्वचितच दिसले असेल. 5 मे 1980 च्या व्हॅटिकनच्या घोषणापत्राने उपाय 'प्रमाणशीर' आहे की नाही हे पाहायला सांगितले: उपचाराचा प्रकार, त्यातली गुंतागुंत आणि जोखीम, खर्च, अपेक्षित फायदा आणि रुग्णाची शारीरिक व मानसिक ताकद. तोलायचा असतो उपचार. रुग्णाचे आयुष्य जगण्यालायक आहे का, हा प्रश्न त्या तराजूत कधीच येत नाही.

त्यामुळेच अन्नपाण्यावर ख्रिस्तसभा इतकी आग्रही आहे. 20 मार्च 2004 रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी दीर्घकाळ बेशुद्ध रुग्णांनाही नळीने अन्नपाणी देणे हे तत्त्वतः कर्तव्यच, असे सांगितले. 2007 च्या व्हॅटिकनच्या खुलाशात अपवाद आले: शरीर अन्न पचवू शकत नसेल, नळीनेच मोठा त्रास होत असेल, किंवा दुर्गम भागात ती सोय मिळतच नसेल. मरणासन्न अवस्थेत शरीराला द्रव पेलवत नाही; सलाईन फुप्फुसांत साचते, घरघर वाढते, पाय सुजतात. तेव्हा तोंड ओल्या कापसाने पुसत राहणे, ओठांना ओलावा देणे आणि कूस बदलणे हीच खरी सेवा.

2020 च्या 'समारितानुस बोनुस' या व्हॅटिकनच्या दस्तऐवजाने उपशामक सेवेवर, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेवर, भर दिला आणि दयामरण कायदेशीर असलेल्या देशांतील धर्मगुरूंसाठी एक कठीण गोष्ट स्पष्ट केली. तो निर्णय घेतलेल्या रुग्णाला भेटत राहावे, त्याचे ऐकावे. पण निर्णय मागे घेतल्याशिवाय पापक्षमेचा संस्कार देता येत नाही, आणि ती कृती होताना खोलीत थांबू नये, कारण ते संमतीसारखे दिसते.