जमीनवापर व पर्यावरण वकिली (ठाणे–नवी मुंबई)

जमीन कोणाची, हा वाद दिवाणी वकिलाचा. त्या जमिनीवर काय बांधता येईल, काय तोडता येणार नाही आणि ते कोणी ठरवायचे, या वादांत पक्षकाराची बाजू मांडणे हे जमीनवापर व पर्यावरण वकिलाचे काम. एकीकडे येऊरचे जंगल, दुसरीकडे खाडी आणि मध्ये वाढणारे शहर अशी ठाण्याची रचना असल्यामुळे येथे एकाच सर्व्हे नंबरवर महसूल, नगररचना, वन आणि किनारा नियमन असे चार कायदे लागू होऊ शकतात. चारही खात्यांचे नकाशे एकमेकांशी जुळतीलच असे नाही, आणि या वकिलाचे बरेचसे काम त्या न जुळण्यातूनच निघते.

कामाची सुरुवात बहुधा सातबारापासून होते. ‘इतर हक्क’ या रकान्यात कधी ‘खाजगी वन’ अशी नोंद सापडते आणि मग जुने फेरफार काढावे लागतात. भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 35(3) खाली पूर्वी जमीनमालकांना ‘ही जमीन वन म्हणून निर्बंधाखाली का आणू नये’ अशा नोटिसा निघाल्या होत्या, आणि 1975 च्या राज्य कायद्याने खाजगी वने शासनाकडे गेली. मधल्या काळात मुंबई-ठाण्यातील अशा कित्येक जमिनींवर इमारती उभ्या राहून लोक राहायलाही आले होते. नोटीस नुसती काढून भागत नाही, ती मालकाला बजावलेली हवी आणि तिच्यावर वाजवी मुदतीत कारवाई झालेली हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2014 मध्ये सांगितले. त्यामुळे नोटीस बजावल्याची पोच दप्तरात आहे की नाही, हा प्रश्न निर्णायक ठरला.

खाडीकडची प्रकरणे याहून गुंतागुंतीची असतात. खारभूमीचा बांध फुटून भरतीचे पाणी शेतात शिरले की काही वर्षांत तिथे कांदळवन, म्हणजे खारफुटीचे जंगल, उगवते. सातबारावर भातशेती असलेली जमीन मग किनारा नियमनाच्या सर्वांत कडक वर्गात मोडते. मालकाला हा अन्याय वाटतो आणि त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. उलट प्रकारही घडतो: डेब्रिज टाकून भरतीची वाट बुजवायची, झाडे वाळू द्यायची आणि नंतर ‘येथे कांदळवन नव्हतेच’ असे म्हणायचे. अशा वेळी वेगवेगळ्या वर्षांच्या उपग्रह प्रतिमा, किनारा व्यवस्थापन आराखडा आणि भरतीरेषेची अधिकृत आखणी एकमेकांवर ठेवून पाहावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवनतोडीला मनाई केली. सप्टेंबर 2018 च्या अंतिम निकालात कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितले आणि सार्वजनिक प्रकल्पासाठीही न्यायालयाची परवानगी आवश्यक ठरवली. तक्रारींवर देखरेख करणारी समिती कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली असल्याने बेलापूरच्या कोकण भवनात अशा वकिलांच्या खेपा ठरलेल्या.

नवी मुंबईच्या कामाला वेगळा इतिहास आहे. 1970 साली स्थापन झालेल्या सिडको या राज्य शासनाच्या नगरनिर्माण कंपनीच्या शहरासाठी 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. मोबदल्यासाठी 1984 मध्ये उरणजवळच्या जासई येथे झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात मारले गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के योजना, म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मालकाला परत देण्याची योजना, आली. तिच्यातील वारसांचे वाद आणि गावठाणाबाहेर वाढलेल्या घरांचे प्रश्न अजून वकिलांकडे येतात. पर्यावरण वकिलीच्या चर्चेत ही बाजू मागे पडते, ते योग्य नाही.

शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकतींना ठरावीक मुदत मिळते. बहुतेकांना आपल्या भूखंडावर आरक्षण पडल्याचे, म्हणजे तो सार्वजनिक कामासाठी राखून ठेवल्याचे, त्यानंतर कळते. दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर नगररचना अधिनियमाच्या कलम 127 खाली नोटीस देता येते, आणि त्यापुढच्या 24 महिन्यांतही हालचाल झाली नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते.

पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. तेथे पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपिलाला 30 दिवसांची मुदत असते आणि सबळ कारण असल्यास आणखी 60 दिवस मिळतात. त्यानंतर अपील दाखल करून घेण्याचा अधिकारच न्यायाधिकरणाला उरत नाही. म्हणून मंजुरीचा आदेश संकेतस्थळावर नेमका कधी चढला, हेही पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते. नुकसानभरपाईची मागणी नसलेल्या अर्जाला तेथे 1000 रुपये शुल्क आहे आणि पक्षकाराला स्वतःही उभे राहता येते.