ब्राइडकर्कचं दगडी कुंड आणि दोनशे वर्षं हरवलेला रिचर्ड

इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात, कंब्रिया परगण्यात, कवी वर्ड्‌सवर्थच्या जन्मगावापासून म्हणजे कॉकरमथपासून तीनेक किलोमीटरवर ब्राइडकर्क नावाचं खेडं आहे. ‘कर्क’ म्हणजे चर्च. हा शब्द नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांचा. ‘ब्राइड’ म्हणजे आयर्लंडची संत ब्रिजिड. गावाच्या नावातच दोन परके प्रवाह आहेत, आणि चर्चमधल्या बाराव्या शतकातल्या बाप्तिस्मा-कुंडातही अशीच सरमिसळ दिसते.

कुंडाच्या चारही बाजूंवर कोरीवकाम आहे. एकीकडे येशूचा बाप्तिस्मा, एकीकडे एदेन बागेतून हाकलले जाणारे आदाम आणि हव्वा, शिवाय अक्राळविक्राळ प्राणी. पण नजर खिळते ती एका पट्टीवर. तिथे एक ओळ कोरली आहे, तीही रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत. त्याच बाजूला वेलबुट्टीत एक छोटा माणूस हातोडा-छिन्नी घेऊन कामाला लागलेला दिसतो.

हे कोरलं गेलं तो काळही सरळ नव्हता. कार्लाइल आणि भोवतालचा मुलूख १०९२ मध्ये इंग्लंडच्या राजाने घेतला, ११३६ मध्ये स्कॉटलंडच्या डेव्हिडने बळकावला आणि ११५७ मध्ये तो पुन्हा इंग्लंडकडे आला. दरबारात फ्रेंच, चर्चमध्ये लॅटिन. नॉर्स वसाहतवाल्यांना येऊन दोनेकशे वर्षं झालेली, पण त्यांची लिपी अजून हाताला आठवत होती.

तेव्हा तान्ह्या बाळाला नुसतं शिंपडत नसत, पाण्यात बुडवत. म्हणून अशी कुंडं चांगली ऐसपैस असत. वसईचे कॅथलिक बाप्तिस्म्याला ‘स्नानसंस्कार’ म्हणतात, तो शब्द इथे अगदी शब्दशः लागू पडतो. मंतरलेलं पाणी बरेच दिवस कुंडातच राहायचं. ते चोरून जादूटोण्याला वापरतील या भीतीने १२३६ च्या सुमारास कँटरबरीच्या आर्चबिशपने कुंडांना कुलूप लावायचा हुकूम काढला. इंग्लंडमधल्या कित्येक जुन्या कुंडांच्या काठावर त्या कड्याकोयंड्यांच्या खुणा आजही सापडतात.

ब्राइडकर्कच्या कुंडाची खरी गंमत पुढे सुरू होते. सतराव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार विल्यम कॅम्डेनने आपल्या ‘ब्रिटानिया’त त्याची नोंद केली. हिरवट दगडाचं हे पात्र त्याने जवळच्या पॅपकासलच्या प्राचीन अवशेषांशी जोडलं. मुळात हे हातपाय धुवायचं भांडं की बाप्तिस्म्याचं, इथपासून त्याला शंका. अक्षरं तर त्याला लागलीच नाहीत. ती कुठल्या लोकांची, हे विद्वानांनी ठरवावं, असं म्हणून तो मोकळा झाला.

विद्वान आले. १६८५ मध्ये कार्लाइलचे आर्चडीकन, म्हणजे चर्चमधले वरिष्ठ अधिकारी, विल्यम निकल्सन यांनी इतिहासकार सर विल्यम डग्डेलना पत्र लिहून उकल कळवली: ‘इथे एकार्डचं धर्मांतर झालं, आणि त्याचा कित्ता गिरवून डेन लोकही वळले.’ रून अक्षरं म्हणजे डेन, अर्थात डेन्मार्कचे लोक, आणि कुंड म्हणजे धर्मांतर, असा तर्क. काही अक्षरं चुकीची लागली आणि एक अख्खा डेन सरदार जन्माला आला!

एकोणिसाव्या शतकात रून लिपीचा अभ्यास पक्का झाला, तेव्हा कुठे ओळ नीट लागली. भाषा डॅनिश नव्हतीच. ती त्या काळची साधी इंग्रजी होती, आणि रून अक्षरांत पोथीतल्या इंग्रजी लिपीचीही काही अक्षरं मिसळलेली होती. दगडच बोलतो आहे: ‘रिचर्डने मला घडवलं, आणि निगुतीने या शोभेला आणलं.’ मूळ ओळीला यमकही आहे, ‘इव्रोक्ते’ला ‘ब्रोक्ते’.

म्हणजे ज्याला लोक धर्मांतरित सरदार समजत होते, तो पाथरवट निघाला. माझ्या मते त्या ओळीशेजारचा हातोडेवाला तोच. कुंड कुणी करवून घेतलं, याबद्दल ओळीत चकार शब्द नाही; नाव आहे ते घडवणाऱ्याचं.

मधल्या काळात अशा कुंडांवर संकट आलं होतं. १६४० च्या दशकात प्युरिटनांच्या, म्हणजे चर्चमधला थाटमाट नको म्हणणाऱ्या कडव्या प्रोटेस्टंटांच्या, संसदेने ती काढून टाकायला लावली, त्यांच्या जागी साधी भांडी आली. १६६० मध्ये राजेशाही परतल्यावर कुठे परसातून, कुठे गोठ्यातून जुनी कुंडं परत आणली गेली. ब्राइडकर्कचं कुंड या सगळ्यातून वाचलं. १८६८ ते १८७० दरम्यान तिथलं जुनं चर्च मोडून नवं बांधलं, तेही नॉर्मन, म्हणजे कुंडाच्याच काळातल्या धाटणीचं. भिंती एकोणिसाव्या शतकातल्या झाल्या, आत रिचर्ड मात्र अजून हातोडा उगारून आहे.