'नवीन शर्त' आणि १९०१चा सभात्याग: फिरोजशाह मेहतांची गोष्ट

सातबाऱ्यावर 'नवीन शर्त' किंवा 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा असला, की ती जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही, हे खेड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. या नव्या शर्तीचे मूळ १९०१च्या एका दुरुस्ती कायद्यात आहे. त्या वर्षी मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात, म्हणजे कायदेमंडळात, या कायद्याला सगळ्यात कडवा विरोध केला तो मुंबईच्या एका पारशी बॅरिस्टरने. मतदानात हार झाल्यावर सर्वांदेखत उठून बाहेर पडणारेही तेच, फिरोजशाह मेहता.

मेहतांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५चा, मुंबईतल्या व्यापारी घरातला. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेऊन ते बॅरिस्टरीसाठी लंडनला गेले. ज्या शिष्यवृत्तीवर गेले, ती देणारे रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई कापसाच्या सट्ट्यानंतरच्या मंदीत बुडाले, तरी मेहतांनी शिक्षण पुरे केले. १८६८ साली ते परतले तेव्हा हायकोर्टात गोऱ्या बॅरिस्टरांचे वर्चस्व होते. मेहतांनी वकिलीत जम बसवला तो बराचसा मुंबईबाहेर, गुजरात-काठेवाडातल्या कामांवर.

राजकारणात त्यांना ओढले ते शहराच्या कारभाराने. १८६५च्या कायद्याने मुंबईचा सगळा कारभार म्युनिसिपल कमिशनरच्या हाती गेला होता. कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी मोठी कामे काढली, खर्चही बेसुमार केला आणि करदाते खवळले. १८७१मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमधल्या सभेत सव्वीस वर्षांचे मेहता या लोकक्षोभाच्या विरुद्ध बोलले. दोष एका माणसाचा नाही, करदात्यांना आपले प्रतिनिधी निवडू द्या, असे त्यांचे म्हणणे. सभेत गोंधळ झाला. पण पुढच्याच वर्षी आलेल्या कायद्याने कॉर्पोरेशनच्या ६४ जागांपैकी ३२ करदात्यांनी निवडायच्या ठरल्या. मेहता कॉर्पोरेशनमध्ये गेले आणि अखेरपर्यंत तेच त्यांचे खरे घर राहिले. मुंबई महापालिका आजही ज्या १८८८च्या कायद्यावर चालते, तो घडवण्यात त्यांचा आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंगांचा मोठा हात होता.

१८८६मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांनी मेहतांना प्रांतिक कौन्सिलवर नेमले. १८९३मध्ये ते कॉर्पोरेशनच्या मतांवर निवडून आले आणि तिथून कलकत्त्याच्या, साऱ्या हिंदुस्थानसाठी कायदे करणाऱ्या वरिष्ठ कौन्सिलातही गेले. तिथे पोलीस विधेयकावर त्यांनी सरकारला असे धारेवर धरले की, या सभागृहात हे नवेच वारे शिरले, अशी तक्रार अर्थसदस्य वेस्टलँड यांनी केली.

आता १९०१. लागोपाठच्या दोन दुष्काळांनी दख्खन पार खचली होती, शेतसारा थकला होता. सरकारने मांडलेली दुरुस्ती अशी: साऱ्याच्या थकबाकीपोटी सरकारजमा झालेली जमीन पुन्हा कसायला द्यायची, पण नव्या शर्तीवर. धारकाने ती परवानगीशिवाय विकायची नाही की गहाण टाकायची नाही. हेतू सांगितला तो जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये हा. हे निव्वळ निमित्त होते, असे मी म्हणणार नाही. १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्तऐवज काढून जाळले होते. ती आग खोट्या दुःखाची नव्हती.

पण मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले यांचा मुद्दाही तितकाच खरा होता. शेतकरी सावकाराकडे जातो तो हौसेने जात नाही. पीक बुडाले तरी सारा रोकड्यात भरावा लागतो म्हणून जातो. सारा तसाच ठेवून विकण्या-गहाणाचा हक्क तेवढा काढला, तर त्याची पत जाते आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा मालक सरकारचे कूळ होतो. मला स्वतःला हा युक्तिवाद वकिली कसबाचा उत्तम नमुना वाटतो, कारण तो सावकाराची बाजू न घेता शेतसाऱ्यावर बोट ठेवतो.

मेहतांनी विधेयक थेट फेटाळा असेही म्हटले नाही. घाई नको, आधी अधिकाऱ्यांची आणि जाणकारांची मते मागवा, एवढीच त्यांची दुरुस्ती होती. पण कौन्सिलात सरकारी सभासदांचे बहुमत असे. वाद कितीही चोख असला तरी निकाल आधीच ठरलेला. ऑगस्टमध्ये पुण्याच्या बैठकीत दुरुस्ती पडली. त्यावर मेहता उठले. त्यांच्यासोबत भालचंद्र कृष्ण भाटवडेकर, दाजी आबाजी खरे, गोकुळदास पारेख आणि गोखलेही बाहेर पडले. गव्हर्नरांचा अनादर करण्याचा हेतू नाही, केवळ कर्तव्य म्हणून हे पाऊल उचलतो, असा खुलासा गोखल्यांनी केला. सभात्याग तेव्हा रोजचा नव्हता. नियमांच्या चौकटीत तीस वर्षे झुंजलेल्या माणसाने तो केला, म्हणून त्याला वजन आले.

विधेयक अर्थात मंजूर झाले. तब्येतीमुळे मेहतांनी वरिष्ठ कौन्सिलातली जागा सोडली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे गोखले निवडून गेले. मेहता मुंबईतच राहिले, कॉर्पोरेशनमध्ये, ५ नोव्हेंबर १९१५ला डोळे मिटेपर्यंत.